फाईलीवरचा पहिला शब्द

औषध आलं तर कोणाच्या पदरात काय पडणार, याचा ताळा मुरलीधर बोंद्रेनं आधीच करून ठेवला होता. डॉ. प्रतिमा देवपुजारींना एक शोधनिबंध मिळणार होता आणि परगावच्या परिषदेत पंधरा मिनिटं बोलायला. संचालकांना हिंदी पेपरात फोटो, खाली 'महाकौशल में पहली बार' असं काहीतरी. खरं म्हणजे तिसऱ्यांदा, पण पहिल्या दोन वेळी खुर्चीत दुसरे संचालक होते. ज्या परदेशी कंपनीनं औषध तयार केलं होतं तिला आणखी एका शरीराचे आकडे. त्याच्या सहायता कक्षाला, म्हणजे दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि रंग उडालेली पाटी एवढ्या संसाराला, पुढल्या वर्षीही चालू राहायला एक कारण. शकुताईला, डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत, 'झालंच तर वर्ष-सव्वा वर्ष'. आणि मुरलीधरला? औषध आलं तर त्याला काहीच मिळणार नव्हतं. उलट असलेलं जाणार होतं. कारण औषध येत नव्हतं तोवर रोज संध्याकाळी सहाला त्याचा फोन वाजत होता, आणि हीच शकुताई, त्याची सख्खी मोठी बहीण, जिनं एकोणतीस वर्षांत त्याला आपणहून एक फोन केला नव्हता, ती विचारत होती, "मुरली, काय झालं रे आपल्या कागदाचं?" आपल्या. एवढा एक शब्द ऐकायला तो पावणेसहापासूनच टेबल आवरून बसत असे.

बेचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, जेवणाची सुट्टी संपता संपता बेबीताईनं ती फाईल त्याच्या टेबलावर टाकली. ठेवली नाही, टाकली. डाक वाटून वाटून तिचा हात तसाच झाला होता. डबा अजून उघडा होता. फाईल दिल्लीहून आली असेल असं त्याला क्षणभर वाटलं, किंवा तसं वाटून घ्यावंसं वाटलं. वर लाल स्केचपेननं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'अनुकंपा – औषध – कु. शकुंतला तुळशीराम बोंद्रे'. आत पहिल्याच पानावर, नेमणुका आणि रजा बघणाऱ्या स्थापना शाखेच्या शालिग्राम दुबेंच्या कोरीव निळ्या अक्षरात, आपत्ती, म्हणजे हरकत: 'मृतक कर्मचारी का मृत्यु प्रमाणपत्र संलग्न नहीं है. शेष वारिसों का अनापत्ति शपथपत्र भी अपेक्षित. पूर्ति उपरांत प्रस्तुत करें.' मुरलीधरनं ते दोनदा वाचलं. मग डब्याचं झाकण लावायला घेतलं. झाकण बसेना. कडेला लोणच्याचं तेल लागलं होतं, ते बोटाला आलं, बोटाचं आपत्तीच्या पानाला लागलं, आणि 'मृतक' या शब्दाभोवती एक पिवळट गोल उमटून हळूहळू पसरत गेला. त्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. जणू शालिग्रामजींनी लिहिलं त्यापेक्षा त्या डागानं केलेलं नुकसान मोठं होतं.

इंग्रजीत औषधाच्या या सवलतीच्या नावात करुणेचा एक शब्द आहे म्हणतात. मुख्यालयातल्या कोणा भाषांतरकारानं तो उचलला आणि हिंदीत आणून ठेवला: अनुकंपा. आता हा शब्द संस्थानात, म्हणजे या सरकारी इस्पितळात, पन्नास वर्षं मुक्कामाला होता आणि त्याला एकच धंदा माहीत होता. नोकरीत असताना माणूस मेला की त्याच्या मागं राहिलेल्या एकाला त्याची खुर्ची, नाहीतर तिच्याहून बुटकी एखादी, देतात; ती अनुकंपा. 'अनुकंपावाला' म्हणजे बाप देऊन नोकरी घेतलेला. कँटीनमध्ये हे तोंडावर म्हणत नसत, चहाचा कप पुढं सरकवताना म्हणत. मुरलीधर अनुकंपावाला होता. आणि गेली चार वर्षं त्याच्याकडे हा दुसऱ्या अनुकंपेचा कक्ष होता. बाजारातली सगळी औषधं थकली की कुठंतरी, अजून तपासणीतच असलेलं, दुकानात न आलेलं, बारसंही न झालेलं, नुसत्या नंबरानं ओळखलं जाणारं एखादं औषध असतं. एका रोग्यापुरतं ते मागता येतं. मागायचं डॉक्टरनं, पण डॉक्टरांना रोग कळतो, कागद कळत नाही. कंपनीची चिठ्ठी, नीतिसमितीचा ठराव, संचालकांचा दाखला, रोग्याची संमती आणि शेवटी दिल्लीचा फॉर्म, एवढं वऱ्हाड एका गाडीत बसवून वेळेवर पोचवायचं हे मुरलीधरचं काम, आणि त्यात तो वाईट नव्हता. पनागरच्या एका भाजीवाल्याची पोरगी त्याच्या अशाच कागदांवर जिवंत होती. तिचा बाप दर हिवाळ्यात फुलकोबीचे दोन गड्डे कक्षात आणून ठेवायचा आणि न बोलता निघून जायचा. दुसरा रेल्वेतला गार्ड. त्याचं औषध आलं ते तेरवीच्या दिवशी. पण तो दोष दिल्लीचा. त्या दोन्ही फाईलींवर मुरलीधरनं लिहिलं होतं, 'औषध – अनुकंपा'. औषध आधी. हे त्याला आता आठवलं. किंवा हे आपण कधीच विसरलो नव्हतो, हे आता आठवलं.

एक्केचाळीस दिवसांपूर्वी शकुताई संमतीवर सही करायला कक्षात आली होती. रांझीहून बसनं, एकटी, केस गेलेल्या डोक्याला रुमाल बांधून, हातात शाळेची तीच कापडी पिशवी. जवळजवळ तीस वर्षं तिनं रांझीत फॅक्टरीवाल्यांच्या पोरांना गणित शिकवलं होतं, एका खाजगी शाळेत, जिथं तिचं नाव 'गणितवाली दीदी' एवढंच होतं. समोरच्या खुर्चीकडे तिनं बसण्याआधी एकदा पाहिलं. असं ती नेहमी बघायची, मुरलीधरच्या घरी आली तरी. खुर्ची, पलंग, पंखा, सगळ्यांकडे, घरमालकानं भाडेकरूच्या खोलीत बघावं तसं. डॉ. प्रतिमा उभ्याच होत्या. त्या मूळच्या नागपूरच्या, पण शिकल्या पुण्यात, त्यामुळं त्यांची मराठी धुऊन इस्त्री केलेली होती.

"इतकी पानं काहून?" शकुताई म्हणाली.

"'काहून' नाही हो. 'का'."

"मी इथं मरून राहिली, बाई, अन् तुम्ही व्याकरण शिकवून राहिल्या."

डॉक्टरीणबाई हसल्या, कारण त्यांना हसणं परवडत होतं. मग घड्याळ बघत म्हणाल्या, "बोंद्रे, कव्हर लगेच करा. आज जायलाच हवी फाईल. यांच्याकडे फार दिवस नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको," आणि पांढऱ्या कोटाचा वारा करून निघून गेल्या. शकुताईनं सह्या केल्या. प्रत्येक सहीखाली एक ठिपका. तो ठिपका तिच्या वहीतल्या उत्तराखालीही असे. मुरलीधरनं कोरं कव्हर पुढं ओढलं तेव्हा ती पिशवी उचलता उचलता थांबली.

"आता वरतं तू लिहिशील?"

"हो."

"लिही मग. मोठ्या अक्षरात लिही, अनुकंपा. तुला न चुकता लिहिता येते असा तेवढा एकच शब्द आहे."

निळा पेन बाजूला ठेवून त्यानं लाल स्केचपेन घेतला. शब्द मोठ्या अक्षरात लिहिला. आधी लिहिला. तिला दिसावा म्हणून फाईल तिच्याकडे तोंड करून धरली. तिनं वाचलं, मान हलवली, फळ्यावर पोरानं बरोबर उत्तर काढल्यावर हलवत असेल तशी, आणि गेली. त्या क्षणी त्याच्या मनात शकुताई होती, बेबीताई नव्हती, स्थापना शाखा नव्हती, कोणीसुद्धा नव्हतं. हे तो आज शपथेवर सांगू शकला असता. त्या क्षणापुरतं.

त्र्याण्णव साली बाबा गेले. तुळशीराम बोंद्रे संस्थानाच्या कपडा भांडारात होते. चादरी मोजून देणं आणि मोजून घेणं यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि गेले तेही अकराशे चादरींची मोजणी चालू असताना, नऊशेच्या आसपास. मुरलीधर एकवीस वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात दुसऱ्यांदा. शकुताई चोवीसची, गणितात एम.एस्सी., विद्यापीठात तिसरी. तेराव्याच्या आधीच ती एकटी स्थापना शाखेत जाऊन अर्जाचा नमुना घेऊन आली होती. तिथल्या बाबूनं विचारलं होतं, "घर में लड़का नहीं है क्या?" हे तिनं घरी येऊन सांगितलं, हसत, आणि आईनं हसण्याऐवजी मान खाली घातली, तेव्हाच खरं म्हणजे ठरलं. आई, भानुमतीबाई, म्हणाली, तू उद्या लग्न होऊन जाशील, नोकरी परक्याच्या घरी जाईल. नियमात मुलगी बसते की नाही हे कोणी पाहिलंच नाही. कचेरीच्या ओट्यावर, टाइपरायटरवाल्यांच्या रांगेत, शकुताईनं शपथपत्र उभ्यानं वाचलं. 'मुझे कोई आपत्ति नहीं है.' "यात खोटं लिहिलं आहे," ती म्हणाली. "हरकत आहे मला. पण सही करून देते." सही केली, खाली ठिपका दिला, आणि टायपिस्टला म्हणाली, चलो भैया, हो गया. लग्न तिनं केलं नाही. ते आईला खोटं पाडायला केलं नाही की कोणी नीट भेटलंच नाही, हे विचारायची हिंमत घरात कोणाला झाली नाही. मुरलीधरनं स्कूटर घेतली तेव्हा ती म्हणाली, "माझ्या सहीला आता पेट्रोलही लागते." त्याला मुलगा झाला तेव्हा पाळण्यात वाकून, "नाक आपल्या घरावर गेलं. सहीवर नाही गेलं, बरं झालं." विनता, त्याची बायको, म्हणायची, ही नणंद नाही, ऑडिट पार्टी आहे, येते, कपाटं उघडते, शेरा लिहून जाते. मुरलीधर त्यावर हसत असे. पण महिन्याच्या पहिल्या तारखेला पगारपत्रकावर सही करताना, त्याच्याही नकळत, तो आपल्या नावाखाली ठिपका देऊ लागला होता, आणि ज्या दिवशी हे त्याच्या लक्षात आलं त्या दिवशी पेनाचं टोक त्यानं इतकं दाबलं की कागद फाटला.

स्थापना शाखेची खोली जिन्याखाली होती. तिथं जायचं म्हणजे अजूनही त्याच्या पायांना एकवीस वर्षांचं झाल्यासारखं वाटायचं. शालिग्रामजी निवृत्तीला टेकलेले, सुपारी कातरत बसलेले.

"ये क्या लिख दिया आपने, शालिग्रामजी. जिंदा पेशेंट है."

"ऊपर क्या लिखा है, भैया?"

"अनुकंपा. पर दवाई वाली."

"अब देखो. अनुकंपा में आदमी मरता है, तब फाइल चलती है," शालिग्रामजी शांतपणे म्हणाले. "पहले फाइल चले और फिर आदमी मरे, ऐसी अनुकंपा हमने नहीं देखी. कतार लगी है, तीस केस आगे थे, फिर भी इकतालीस दिन में आपत्ति लगा दी. तुम्हारी वाली में छह महीने लगे थे. याद है?"

त्याला आठवत होतं. बाजूच्या टेबलावरचा एक नवा पोरसवदा बाबू खाली मान घालून हसला. मुरलीधर फाईल छातीशी धरून जिना चढला. चढताना त्याला जाणवलं की आपल्याला राग आला आहे आणि तो राग सुखाचा आहे. दोष बाहेर सापडला की येतो तसला, पोट भरल्यासारखा राग. मूर्ख माणसं. आतलं पान न वाचणारी माणसं. बहिणीला मारलं यांनी. हे वाक्य तो मनात दोन-तीनदा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यातला 'यांनी' जरा जोरात म्हणावा लागला.

डॉ. प्रतिमांना त्यानं वॉर्डाबाहेर गाठलं. त्यांनी पान वाचलं, डागावर नख ठेवलं. "एक्केचाळीस दिवस," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला दर सोमवारी विचारत होते. तुम्ही म्हणायचात, 'चालू आहे'. काय चालू होतं?"

"मॅडम, डाक चुकली. बेबीताईनं खालच्या शाखेत नेऊन दिली. मला वाटलं दिल्लीला…"

"मला कोणाचं नाव नकोय, बोंद्रे." मग दोन पावलं जाऊन त्या वळल्या. "लेखी द्या."

त्यानं लेखी दिलं. अर्ध्या तासात, स्वच्छ अक्षरात, एकही खाडाखोड न करता. त्याच दुपारी नवं कव्हर केलं, 'औषध' आधी लिहिलं, स्वतः हातानं नेऊन संचालकांच्या टेबलावर ठेवलं, सही झाल्याशिवाय तो हलला नाही. चार वाजेपर्यंत फॉर्म दिल्लीला गेला. जे एक्केचाळीस दिवसांत झालं नाही ते अडीच तासांत झालं, आणि हे कोणीतरी मोजेल अशी भीती त्याला पहिल्यांदा वाटली. मोजलं बेबीताईनं. ती स्पष्टीकरणाची नोटीस हातात घेऊनच आली, दारात उभी राहिली. तिचा नवरा संस्थानात सफाईला होता; तो गेल्यावर तिलाही नोकरी अनुकंपेवरच मिळालेली, चौथी शिकलेल्या बाईला डाक वाटायची.

"काय हो मुरलीभैया. मी फाईल चुकवली?"

"वर बघून न्यायची असते ना."

"वरतंच पाहिलं. मी नवी होती तेव्हा रडत बसली होती जिन्यात, इतकं सारं वाचता येत नाही म्हणून. तेव्हा तुम्हीच सांगितलं, बेबी, पूर्ण कशाला वाचते? पहिला शब्द वाच, बाकीचं साहेब लोक वाचतील. बावीस वर्षं झाली, पहिलाच शब्द वाचून राहिली मी." तिनं नोटीस घडी करून ब्लाऊजमध्ये खोचली. "पहिला शब्द कोणी लिहिला, तेवढं सांगा. मी लिहून देते त्यात."

ती गेल्यावरही दार हलत राहिलं. आणि मग, दार हलायचं थांबल्यावर, त्याला बारावा दिवस दिसला. दिसला असं म्हणणंही खोटंच. तो दिवस तिथंच होता, कपाटातल्या खालच्या कप्प्यासारखा, वाकायचं नव्हतं म्हणून न दिसणारा. बाराव्या दिवशी तो आपल्या अर्जित रजेचं विचारायला स्थापना शाखेत गेला होता. शालिग्रामजी जागेवर नव्हते. मागच्या मांडणीत फाईलींची एक थप्पी होती, आणि तिच्यात, खालून तिसरी, एका फाईलीची कड बाहेर आलेली होती. तिच्यावर लाल अक्षरांचे नुसते डोक्यावरचे भाग दिसत होते. स्केचपेननं लिहिणारा सगळ्या संस्थानात दुसरा कोणी नव्हता. त्यानं पाहिलं. पंख्याच्या वाऱ्यानं कव्हराचा कोपरा उठत होता, बसत होता. हात लांब केला असता तर पोचला असता. त्यानं घड्याळात पाहिलं, साडेपाच. अर्ध्या तासानं फोन येणार होता. आदल्या संध्याकाळी शकुताईनं विचारलं होतं, जेवलास का, आणि मग स्वतःच बावरून, "असंच विचारलं," म्हणाली होती. फाईल आज वर गेली तर महिन्यात दिल्ली, दिल्लीनंतर औषध, औषधानंतर ती बरी, बरी झाल्यावर ती पुन्हा खुर्चीकडे बघणार. इतकं सगळं त्यानं त्या वेळी मनात म्हटलं होतं का? नव्हतं. मनात काहीच म्हटलं नव्हतं. नुसता 'उद्या येतो' असं रिकाम्या खुर्चीला म्हणून तो वर गेला होता, टेबल आवरलं होतं, आणि सहाला फोन उचलून म्हणाला होता, "चालू आहे, शकुताई. दिल्लीत आहे." दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. एक्केचाळीसातून बारा गेले की एकोणतीस उरतात, हे गणित सोडवायला विद्यापीठात तिसरं यावं लागत नाही.

त्या संध्याकाळी त्यानं फोनची वाट पाहिली नाही. स्कूटर काढून रांझीला गेला. फॅक्टरीच्या पाळीतून सुटलेल्या सायकली आणि मोटारसायकली समोरून थव्यानं येत होत्या आणि त्यांच्यातून उलटा वाट काढताना, हे सगळे लोक कसल्यातरी कामातून निर्दोष सुटून येत आहेत असं त्याला वाटलं. शकुताईची खोली कॉलनीच्या मागं, एका जिन्यावर. ती पलंगावर बसून कोणाच्या तरी वह्या तपासत होती. शाळा सुटली तरी पोरं येत होती. थोडीशी अडचण झाली होती, आता निघाली, असं तो वाटेत घोकत आला होता. तेच म्हणाला.

"कसली अडचण?"

"कागदाची."

"कागद दाखव."

आपत्तीची जुनी टिपणी त्याच्या पिशवीत होती, ती स्थापना शाखेला परत द्यायची होती. नाही म्हणता आलं असतं. पण 'कागद दाखव' या दोन शब्दांना तो लहानपणापासून वही काढून देत आला होता. तिनं चष्मा खाली ओढून वाचलं. पिवळट डागापाशी थांबली, वास घेतला. "लिंबाचं," म्हणाली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. खोकला येईपर्यंत हसली.

"मृतक म्हणजे मी. बरोबर? अन् शेष वारिस कोण उरला? आई नाही, बाबा नाही. तू." तिनं तपासायच्या वहीतलं एक पान फाडलं, लाल पेन घेतला आणि फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात मोठ्यानं म्हणत लिहिलं: "मी, मुरलीधर तुळशीराम बोंद्रे, मला कोणतीही हरकत नाही." खाली सहीपुरती जागा सोडली. पेन त्याच्यापुढं धरला. "घे. कर सही. माझी होती त्र्याण्णवची, ही तुझी. फिटलं मग."

"शकुताई, चेष्टा करून राहिली का?"

"चेष्टा तुमच्या ऑफिसनं केली. मी कागद पूर्ण करून राहिली."

त्यानं हात मागं घेतला. तिनं आग्रह केला नाही; पान घडी करून आपल्या कापडी पिशवीत टाकलं. "लागंल तेव्हा ने." मग चष्मा सारखा करत, अगदी सहज, पोराला पायरी विचारावी तसं विचारलं, "एक्केचाळीस दिवसांत तू त्या खोलीत एकदाही नाही गेला?"

"नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तपासणारी नजर, उत्तर चुकलं हे कळलंय, आता चूक कोणत्या पायरीवर झाली तेवढं शोधतेय अशी. ती पायरी तिला सापडल्याचंही त्याला दिसलं. "बरं," ती म्हणाली आणि वही पुढं ओढली. तेवढ्यात मोबाइलमध्ये तिनंच लावून ठेवलेली सहाची आठवण वाजली. तिनं ती बंद केली. नुसती थांबवली नाही; बोट दाबून, पुन्हा वाजणार नाही अशी काढून टाकली.

दिल्लीनं एकोणीस दिवस घेतले, जे दिल्लीच्या मानानं काहीच नव्हते. परवानगी आली. कंपनीनं, तिच्या रीतीप्रमाणे, रक्ताचे ताजे आकडे मागवले. दोन महिन्यांपूर्वीचे आकडे औषधाच्या अटींत बसत होते, ताजे बसत नव्हते. कंपनीचं पत्र सभ्य होतं. खेद पहिल्या ओळीत होता आणि शेवटच्याही. डॉ. प्रतिमांनी ते टेबलावर ठेवलं, मुरलीधरकडे न बघता. "तीन आठवडे आधी चाललं असतं," एवढंच म्हणाल्या. त्यानं मनात मोजलं. न मोजता आलं असतं तर बरं झालं असतं. शकुताई त्यानंतर पाच आठवडे होती. तो रोज रांझीला जायचा, ती रोज दार उघडायची किंवा उघडायला लावायची, खुर्चीकडे बोट करायची. खुर्चीकडे बघायची नाही. एकदाही टोमणा मारला नाही. विनताला तो म्हणाला, ती निवळलीय आता; विनता म्हणाली, "ऑडिट संपलं की पार्टी जाते." तिलवाऱ्याला अस्थी सोडताना पाणी इतकं संथ होतं की मडकं हललंच नाही, जागच्या जागी फिरत राहिलं, आणि घाटावरच्या भटजींना ते लाकडानं ढकलावं लागलं.

पंधरवड्यानं स्थापना शाखेचं स्मरणपत्र आलं. आवक रजिस्टरात एकदा नंबर पडला की प्रकरण निकाली निघाल्याशिवाय मरत नाही. शालिग्रामजींना निवृत्तीआधी आपली पानं कोरी करायची होती. 'मृत्यु प्रमाणपत्र एवं शेष वारिसों का अनापत्ति शपथपत्र आज दिनांक तक अप्राप्त.' चूक उलगडून सांगणारं तीन ओळींचं उत्तर मुरलीधरला लिहिता आलं असतं. त्यानं कागद घेतला, पेन उघडला. मग कपाटातून शकुताईची कापडी पिशवी काढली. प्रमाणपत्राच्या दोन प्रती जास्तीच्या होत्या. घडी घातलेलं पान होतं. लाल गोल अक्षरं, खाली त्याच्यापुरती सोडलेली जागा, मोजून सोडल्यासारखी. त्यानं सही केली. खाली ठिपका पडला. यावेळी तो त्यानं पाडू दिला. दोन्ही कागद टाचून फाईल खाली पाठवली. शालिग्रामजींनी एका चकार शब्दानं काही विचारलं नाही. कागद पुरे होते.

मग एकदा, सहा वाजून गेल्यावर, टेबल आवरलेलं असताना, त्यानं तो पहिला ताळा पुन्हा मांडला. डॉ. प्रतिमांना शोधनिबंध मिळालाच. विषय बदलला, तपासणीतली औषधं मिळवताना होणारा कार्यालयीन विलंब, एक प्रकरण. परिषदेत पंधरा मिनिटंही मिळाली. संचालकांचा फोटो आला नाही, पण परिपत्रक निघालं: यापुढं अशा फाईलींवर पहिला शब्द 'औषध' असावा. कंपनीचं काही गेलं नाही, आलं नाही. कक्ष पुढल्या वर्षीही राहिला. शालिग्रामजींचं रजिस्टर कोरं झालं. बेबीताईला ताकीद मिळाली आणि तिची बदली धुलाईघरात झाली. आता तिला एकही शब्द वाचावा लागत नव्हता, फक्त चादरी मोजाव्या लागत होत्या. शकुताईनं पहिल्यांदाही दिलं होतं आणि दुसऱ्यांदाही तिनंच दिलं. मुरलीधरनं काय दिलं ते त्यानं शोधून पाहिलं. एक सही सापडली, आणि तिच्याखालचा ठिपका शकुताईचा होता.